आधी ऋण मोजा, मग सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई आजारी असताना मोठ्या भावाने घराच्या कागदांवर तिची सही घेतली आणि आई गेल्यावर ते बाकीच्यांना कळलं. याला आठ वर्षं झाली. प्रश्न विचारणाऱ्या ताई लिहितात: "मी त्याला क्षमा केली, असं मी मंडळीसमोर उभं राहून सांगितलंय. पण रात्री तोच राग पुन्हा वर येतो. प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ओळीशी माझा आवाज बंद होतो. मी ढोंगी आहे का? देव मला क्षमा करणार नाही का? पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे, तिथे भाऊ समोर येईल. तेव्हा मी काय करू?"

ताई, जिथे तुमचा आवाज बंद होतो तिथूनच सुरुवात करू या. 'आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तसे तू आमची ऋणे आम्हांस सोड.' मी पंचवीस वर्षं पाळकीय समुपदेशन करतोय, आणि या ओळीशी अडखळलेली पुष्कळ माणसं माझ्यासमोर बसली आहेत. ढोंगी माणूस इथे अडखळत नाही, तो सरळ पुढे जातो. तुम्ही अडखळता, कारण तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय.

या ओळीत 'क्षमा' हा शब्दच नाही. तिथे 'ऋण सोडणे' आहे. मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात इथे 'आफिएमी' हे क्रियापद येतं. पेत्र आणि अंद्रिया हे कोळी भाऊ जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथेही तेच क्रियापद आहे. हातातली वस्तू सोडून देणं, जाऊ देणं, असा त्याचा साधा अर्थ. मराठीतही आपण जाळं सोडतो, हट्ट सोडतो, राग सोडतो आणि कर्जही सोडतो. लूकच्या शुभवर्तमानात हीच प्रार्थना थोड्या वेगळ्या शब्दांत आहे. तिथे देवाकडे मागताना 'पापांची क्षमा' म्हटलंय, पण आपण माणसांना जे सोडतो त्यासाठी तिथेही ऋणाचीच भाषा आहे.

तुमची अडचण मला इथेच दिसते. ऋण सोडायचं तर आधी ते मोजावं लागतं. किती येणं आहे हे ज्याला माहीत नाही, तो काय सोडणार? आई गेल्यावर थोड्याच दिवसांत तुम्ही मंडळीत उभं राहून क्षमा केल्याचं सांगितलं असावं, आणि त्या वेळी आजूबाजूच्यांनी 'आमेन' म्हटलं असावं. त्यात तुमचा खोटेपणा नव्हता. पण भावाने नेमकं काय नेलं याची यादी तुम्ही तेव्हा केली नव्हती, ती करायला कोणी तुम्हाला सवडही दिली नव्हती. मोजदाद न करता सोडलेलं ऋण रात्री परत दारात येतं. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः लोकांना अशी घाई केली आहे. पहिल्याच भेटीत हात धरून 'म्हणा, मी क्षमा करते' असं म्हणायला लावलं आहे. ती माणसं त्या दिवशी हलकी होऊन गेली आणि काही आठवड्यांनी परत आली तेव्हा दुप्पट रागावलेली होती. आता त्यांचा देवावरही राग होता. याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला घाई करणार नाही.

मत्तयाच्या १८व्या अध्यायातला दाखला तुम्हाला पाठ असेल. राजाने एका दासाला दहा हजार टॅलेंटचं कर्ज सोडलं. तोच दास बाहेर पडला आणि शंभर दीनारांसाठी सोबतीच्या दासाचा गळा धरू लागला. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका टॅलेंटचे साधारण सहा हजार दीनार होत. म्हणजे पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. एकही सुट्टी न घेता कुणी राबलं तरी ते फिटायला १ लाख ६४ हजार वर्षं लागतील. या आकड्यापुढे दुसरं कर्ज क्षुल्लक आहे, असं प्रवचनात नेहमी सांगतात. मला ते पटत नाही. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून जास्त घाम. ज्याचे ते पैसे बुडाले त्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत झाली असेल. तुझं दुखणं खोटं आहे किंवा लहान आहे, असं येशू त्या दासाला कुठेही म्हणत नाही. ऋण खरंच होतं. दासाची चूक ही की त्याने गळा धरला, आणि स्वतःचं केवढं कर्ज सुटलंय हे दाराबाहेर पडताच विसरला.

'देव मला क्षमा करणार नाही का' या तुमच्या भीतीचं उत्तरही याच दाखल्यात आहे. तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर पिताही तुम्हाला क्षमा करणार नाही, हे वचन कडक आहे आणि मी ते सौम्य करून सांगणार नाही. पण तो दास क्षमा करायला धडपडत नव्हता. सोबती पाया पडत होता, तरी त्याने नकार देऊन त्याला तुरुंगात टाकलं. तुम्ही रात्री रडत 'प्रभू, मला सोडता येत नाही, मला मदत कर' म्हणता. नकार देणं आणि जमत नाही म्हणून रडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि देवाला हा फरक कळतो.

आता रागाबद्दल. राग आला हेच पाप, असं मानून पुष्कळ ख्रिस्ती माणसं स्वतःला मारत बसतात. वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथवारी बरं करताना येशूने भोवतालच्या लोकांकडे रागाने पाहिलं, त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो खिन्न झाला, असं मार्काने लिहून ठेवलंय. राग आणि दुःख एकाच ओळीत. प्रेषित पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात रागवायला मना करत नाही. रागवा पण पाप करू नका, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, असं तो सांगतो. सूर्यास्तापर्यंत आठ वर्षांचा राग विरून जाईल असा त्याचा अर्थ मी घेत नाही. रागाला घरात कायमची खोली देऊ नका, रोज संध्याकाळी त्याला देवासमोर आणून उभं करा, असा घेतो. पुढच्याच वचनात पौल सैतानाला वाव देऊ नका म्हणतो, त्यावरून मला तसं वाटतं.

माणसांपासून लांब गेलं की राग जातो, हाही एक भ्रम. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन कॅसियन इजिप्तच्या वाळवंटात संन्यासी म्हणून राहिला होता. तिथे रागावायला कुणी नव्हतं, तर त्याला बोरूच्या लेखणीचा राग यायचा, ती फार जाड किंवा फार बारीक झाली म्हणून. चाकू बोथट झाला म्हणून राग, गारगोटीतून ठिणगी लवकर पडली नाही म्हणून राग. त्याने हे प्रांजळपणे लिहून ठेवलंय. तुम्ही भावाचा नंबर काढून टाकलात, त्याच्या घरावरून जाणारा रस्ता बदललात, तरी राग तुमच्याबरोबरच आला तो यामुळेच.

मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी एक वही आणायला सांगतो. तिच्यात भावाच्या नावाखाली त्याने काय नेलं ते लिहा. घर लिहाल. तिथे थांबू नका. आईच्या शेवटच्या महिन्यांवर आता संशयाची सावली पडली आहे, तेही लिहा. तिने कळून सही केली की न कळून, हा प्रश्न आता कुणाला विचारता येणार नाही. आई गेल्याचं नीट रडताही आलं नाही, कारण रडण्याच्या दिवसांत कागदपत्रं निघाली. तुमच्या मुलांचा मामा गेला. लहानपणीच्या ज्या आठवणींत तो आहे त्या सगळ्या कडवट झाल्या. तुमच्यासारख्या बऱ्याच जणांच्या वह्या मी ऐकल्या आहेत. घर किंवा पैसा यादीत पहिला असतो, पण ती ओळ वाचताना आवाज कापत नाही. तो कापतो चौथ्या-पाचव्या ओळीला. राग खरा तिथे असतो.

त्याचं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं, तेही लिहा. लाज वाटेल, तरी लिहा. १०९वं स्तोत्र उघडून बघा. शत्रूची मुलं पोरकी होवोत, त्याच्यावर कुणी दया न करो, असं तिथे उघडउघड मागितलंय, आणि ते पवित्र शास्त्रात तसंच राहू दिलंय. ५५व्या स्तोत्रात तर तुमचंच दुखणं आहे: वैऱ्याने निंदा केली असती तर मी सोसली असती, पण तो तू होतास, माझा सोबती, माझा मित्र. ही स्तोत्रं शिव्या द्यायला शिकवत नाहीत. शिव्या कुणासमोर घेऊन जायच्या ते शिकवतात. शिव्या भावाला फोनवर ऐकवल्या जात नाहीत, बहिणीच्या कानात घातल्या जात नाहीत, देवासमोर मोठ्याने वाचल्या जातात. लिहिलेलं मोठ्याने वाचा. जमल्यास पोटात ठेवेल अशा एका विश्वासू माणसासमोर वाचा.

ऋण मोजून झालं की प्रश्न येतो, ते जातं कुठे? राजाने दहा हजार टॅलेंट सोडले तेव्हा ते हवेत विरले नाहीत. राजाचे तेवढे बुडाले. क्षमेत कुणीतरी तोटा सोसतं, आणि तुम्हाला ते जमत नाही कारण आठ वर्षं तुम्ही तो एकट्याने सोसायचा प्रयत्न करताय. पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र मला यासाठी फार जवळचं वाटतं. अनेसिम हा फिलेमोनाचा दास त्याच्यापासून दूर गेला होता, बहुधा काही नुकसान करून. पौल त्याला परत पाठवतो आणि लिहितो की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. मग 'मी पौल हे आपल्या हाताने लिहितो, मी फेडीन' अशी जणू सहीच करतो. झालं ते विसरून जा, असं तो फिलेमोनाला म्हणत नाही. नुकसान झालं असेल हे मान्य करतो आणि मधे उभा राहतो. कलस्सैकरांना लिहितानाही पौल हीच भाषा वापरतो: आपल्याविरुद्धचा ऋणलेख देवाने वधस्तंभाला खिळून रद्द केला.

म्हणून यादी वाचून झाल्यावर मी लोकांना 'मी क्षमा केली' म्हणायला लावत नाही. त्याऐवजी एवढंच म्हणायला सांगतो: 'प्रभू, हे येणं खरं आहे. मी ते वसूल करणं सोडते. हे तुझ्या हिशेबी मांड.' शेवटचं वाक्य नसेल तर आधीचं वाक्य माणसाला चिरडून टाकतं. सूड उगवू नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या, असं पौल रोमकरांना सांगतो. न्याय होणारच नाही, असं तो कुठे म्हणत नाही. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी करा, म्हणतो. योसेफाला ज्यांनी विकलं होतं ते त्याचे भाऊ बाप मेल्यावर भीतीने त्याच्या पाया पडले, तेव्हा तोही हेच म्हणाला: भिऊ नका, मी का देवाच्या ठिकाणी आहे?

भावना कधी बदलेल, हा तुमचा न विचारलेला प्रश्न आहे. कॉरी टेन बूम या डच बाईंनी स्वतः सांगितलेला प्रसंग ऐका. ज्यूंना घरात लपवल्याबद्दल त्या नाझींच्या राव्हेन्सब्रुक छळछावणीत होत्या. तिथेच डिसेंबर १९४४मध्ये त्यांची बहीण बेट्सी गेली. १९४७ साली म्युनिकमध्ये क्षमेवर बोलून झाल्यावर एक माणूस पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. तो त्या छावणीतला पहारेकरी होता. त्यांचा हात उचलेना. मनात प्रेमाचा लवलेश नव्हता. हात मी उचलते, भावना तू दे, अशी काहीशी प्रार्थना करून त्यांनी यंत्रासारखा हात पुढे केला. उबदारपणा नंतर आला, हात हातात गेल्यावर. मी याला नियम म्हणत नाही. काहींच्या बाबतीत तो उबदारपणा त्याच क्षणी येतो, काहींच्या बाबतीत पाच वर्षांनी. पण क्रम असाच पाहिला आहे, आधी हात आणि मग मन.

आणि तो उबदारपणा पुन्हा जातोही. सात वेळा क्षमा करू का, असं पेत्राने विचारलं तेव्हा येशूने सातांच्या सत्तर वेळा सांगितलं. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख आपल्या बायकांसमोर सत्याहत्तरपट सुडाची फुशारकी मारतो. येशूच्या त्या ग्रीक शब्दांचा अर्थ 'सत्याहत्तर वेळा' असाही होतो, म्हणून त्याने तोच आकडा उचलून उलटा फिरवला, असं अनेक अभ्यासक मानतात. मला वाटतं, एवढा मोठा आकडा नव्या अपराधांसाठी जितका लागतो त्याहून जास्त एकाच जुन्या अपराधासाठी लागतो. मंडळीतल्या पैशांत मी अफरातफर केली, असा खोटा आळ एका सहकाऱ्याने एकदा माझ्यावर घेतला होता. हिशेब तपासले गेले, मी निर्दोष ठरलो, पण त्याने कधी माफी मागितली नाही. मी ते ऋण सोडलं, आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं त्याचं नाव निघालं की पोटात गोळा यायचा. दर वेळी तीच तीन वाक्यं म्हणायचो. कधी दिवसातून पाच वेळा, मग आठवड्यातून एकदा. एके दिवशी कुणीतरी तो आजारी असल्याचं सांगितलं आणि मी प्रार्थनेला बसलो. प्रार्थना संपल्यावर लक्षात आलं की तीन वाक्यं म्हणायची राहूनच गेली होती.

प्रार्थनेवरून आठवलं. भावासाठी प्रार्थना करताना 'त्याला सुबुद्धी दे' म्हणू नका. ती प्रार्थनेच्या वेषातली तक्रार असते. त्याची पाठ दुखत असेल तर पाठीसाठी करा, मुलाची परीक्षा असेल तर परीक्षेसाठी. ठोस काही मागितलं की समोर अपराधाऐवजी माणूस दिसायला लागतो.

क्षमा केली म्हणजे पूर्वीसारखा विश्वास टाकायचा का? नाही. इथे कृपया गोंधळ करून घेऊ नका. योसेफाने भावांना लगेच ओळख दिली नाही. बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवून, हे आता या भावालाही सोडून देतात का, हे पाहिलं. यहूदा त्याच्या जागी दास व्हायला तयार झाला, तेव्हा योसेफ मोठ्याने रडला. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता, त्याने त्याच्यावर भालाही फेकला होता. दावीदाने शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापला, पुढे एकदा उशाजवळचा भालाही उचलून नेला, पण जिवाला हात लावला नाही. शौल 'माझ्या मुला, परत ये' म्हणाला तरी दावीद आपल्या वाटेने गेला. भालाफेक्याच्या घरात तो परत राहायला गेला नाही. घरात मारहाण किंवा अत्याचार सोसणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्यांना मी स्पष्ट सांगतो: क्षमेसाठी त्या घरात परत जावं लागत नाही. तक्रार नोंदवणं हे क्षमेच्या विरुद्ध नाही. जानेवारी १९९९मध्ये ओडिशात ग्लॅडिस स्टेन्स यांचे पती ग्रॅहॅम आणि दोन लहान मुलं यांना गाडीत जिवंत जाळलं गेलं. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालू ठेवली. खटलाही चालला आणि शिक्षाही झाली. दोन्ही गोष्टी सोबत उभ्या राहिल्या.

तुमच्या घराच्या कागदांबद्दल मी सल्ला देणार नाही, तो वकिलाचा प्रांत. फक्त दोन्ही बाजूंना विश्वासणारे असताना पौल कोर्टाआधी मंडळीतल्या शहाण्या माणसाकडे जायला सांगतो, हे ध्यानात ठेवा. आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही. हे सगळं तुम्ही भावाला कधी तोंडावर सांगितलंय का? अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जा, असं येशूने सांगितलंय. आठ वर्षांत बहिणीला, पाळकांना, मला सांगितलंत. त्याला कळलंय असं आपण धरून चालतो. पुष्कळदा त्याने स्वतःला वेगळीच गोष्ट सांगितलेली असते. शांतपणे, दोन-तीन वाक्यांत, एकदा सांगा. तो काय करतो हे तुमच्या हातात नाही. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, असंच रोमकरांच्या पत्रात म्हटलंय.

मात्र ते लग्नात नको. लग्न भाचीचं आहे. तिथे तो समोर आला तर नमस्कार करा, प्रवास कसा झाला ते विचारा, जेवणाच्या पंगतीत शेजारी बसायला हवं असं नाही. आत गलबललं तर बाहेर जाऊन तीन वाक्यं म्हणा आणि परत या. चारचौघांत तो 'झालं गेलं विसर' म्हणाला, तर 'विसरले' म्हणू नका, ते खोटं होईल. 'विसरले नाही, पण मी मागत नाही. एकदा निवांत बोलायचंय तुझ्याशी,' एवढं म्हणा आणि नवरीकडे जा.